निवडणुकीचा निकाल आणि मतदारांची मने : सन १९७७ चा एक धडा



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात निवडणुकीचे प्रकरण मतमोजणीपाशी संपते. कोणास किती मते पडली व कोण निवडून आला, हे सांगितले म्हणजे पुस्तकाचे काम झाले. परंतु घराघरांतील निवडणूक तेथे संपत नाही. किंबहुना पुष्कळ घरांत ती तेथेच सुरू होते. पुस्तकाने सोडून दिलेल्या ह्या भागाविषयी चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटू लागले, त्यास कारणही तसेच घडले.

लोकसभेच्या निवडणुकीची मतमोजणी ४ जून २०२४ रोजी झाली. पुढे थोड्याच दिवसांनी शाळा उघडली, तेव्हा नववीच्या वर्गातील एकाच बाकावर बसणारे दोन विद्यार्थी वर्गाच्या दोन टोकांस जाऊन बसलेले आम्हांस दिसले. चौकशी करता कळले की, दोघांच्या घरची मंडळी प्रचारात दोन बाजूंस होती. आता गंमत पाहा. आपल्या नंदुरबार मतदारसंघात काँग्रेसचे गोवाल पाडवी हे निवडून आले व दोन वेळा निवडून आलेल्या भारतीय जनता पक्षाच्या डॉ. हीना गावित पराभूत झाल्या. दिल्लीत मात्र भारतीय जनता पक्षास २४० जागा मिळून मित्रपक्षांच्या साहाय्याने त्याचेच सरकार पुन्हा आले. म्हणजे एका मुलाचे घर येथे जिंकले व दिल्लीत हरले. दुसऱ्याचे येथे हरले व दिल्लीत जिंकले. हिशेबाने पाहता दोघांसही अर्धा अर्धा आनंद व्हावयास हवा होता. झाले ते असे की, दोघांच्याही वाट्यास अर्धे अर्धे दुःखच आले आणि त्या दुःखाचे कारण म्हणून प्रत्येकाने बाकावरील सोबत्याकडे बोट दाखविले.

आम्ही त्यांस प्रथम रागे भरलो व पुन्हा एका बाकावर बसविले. हे आमचे चुकले. ते बसले खरे, पण मध्ये दप्तरांची भिंत घालून बसले. रागे भरल्याने मनुष्य आपले मत बदलीत नाही, फक्त लपवितो, हे इतकी वर्षे शिकविण्यात घालवूनही आम्ही विसरलो होतो. तेव्हा ताज्या निकालाविषयी बोलण्याचे टाकून, ज्याची धग आता निवली आहे असा एखादा जुना निकाल वर्गापुढे ठेवावा असे आम्ही ठरविले; आणि त्यासाठी सन १९७७ चा निकाल निवडला.

मुलांस काम दिले ते असे : ज्यांनी त्या वर्षी स्वतः मत दिले अशा घरच्या अथवा शेजारच्या वडीलधाऱ्या मनुष्यास गाठावे, आणि निकाल कळला त्या दिवशी आपल्या घरी काय झाले एवढेच विचारावे. कोणास मत दिले हे विचारू नये. त्यांनी आपण होऊन सांगितले तर लिहून घ्यावे. त्या काळी मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळे. तो अठराव्या वर्षी मिळू लागला सन १९८९ पासून. म्हणजे १९७७ साली मत दिलेले मनुष्य आज सत्तरीच्या आसपासचे किंवा त्याहूनही वृद्ध असणार. अशी माणसे प्रत्येक घरात नसतात, म्हणून वह्या थोड्याच भरून आल्या. पण ज्या आल्या त्यांनी आम्हांस पुस्तकाहून अधिक शिकविले.

त्या वह्यांकडे वळण्यापूर्वी मूळ हकीकत थोडक्यात सांगतो. १२ जून १९७५ रोजी अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची रायबरेली येथील निवड रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी पुकारण्यात आली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर नियंत्रण बसले. पुढे नेमलेल्या शाह आयोगाच्या अहवालाप्रमाणे एक लाखाहून अधिक माणसे चौकशीवाचून अटकेत ठेवण्यात आली होती. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांची मोहीम इतकी वाढली की, १९७६-७७ ह्या एका वर्षात त्यांची संख्या ८० लाखांवर गेली. उत्तरेकडील प्रांतांत ह्या कामी उघड उघड सक्ती झाली. १८ जानेवारी १९७७ रोजी पंतप्रधानांनी अचानक निवडणुका जाहीर केल्या. विरोधकांनी घाईघाईने जनता पक्ष उभा केला व नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर तो लढला. काँग्रेसचे चिन्ह होते गायवासरू. निकाल लागला तेव्हा खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत राजनारायण यांच्याकडून पराभूत झाल्या, त्यांचा पक्ष १५४ जागांवर आला आणि २४ मार्च रोजी मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. स्वातंत्र्यानंतर केंद्रात काँग्रेसेतर सरकार येण्याची ही पहिलीच वेळ.

ह्या निकालास देशाचा कौल म्हणतात. पण नकाशा उघडून पाहा. उत्तर प्रदेशात ८५ जागा होत्या; त्यांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. बिहारात ५४ होत्या, तेथेही शून्य. आंध्र प्रदेशात ४२ होत्या. तेथे काँग्रेसने ४१ जिंकल्या. एकाच आठवड्यात, एकाच कारभाराविषयी, एकाच देशातील मतदारांनी दिलेली ही उत्तरे आहेत. आपला महाराष्ट्र मध्ये उभा होता, दोन पाण्यांच्या संगमावर उभे राहावे तसा : ४८ पैकी २० जागा काँग्रेसला व उरलेल्या विरोधकांना. मुंबईच्या सहा जागांपैकी काँग्रेसच्या हाती एकही राहिली नाही. तेथे उत्तर मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या. पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी मोर्चे काढलेले असल्यामुळे, पाणीवाली बाई दिल्लीत गेली व दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, अशी घोषणा शहरभर झाली. आणि आपल्या नंदुरबार मतदारसंघात? येथे काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक निवडून आले. म्हणजे १९७७ सालीही येथील निकाल एक व दिल्लीचा निकाल दुसरा अशीच स्थिती होती. वर्गात हे सांगितले तेव्हा त्या दोघा मुलांनी प्रथमच एका वेळी मान वर केली.

आता वह्यांकडे वळू. नावे अर्थातच देत नाही.

एका मुलीचे चुलत आजोबा त्या वेळी काँग्रेसचे साधे कार्यकर्ते होते. मिरवणुकीसाठी बैलगाडी सजविली होती, गुलालाचे पोते आणले होते. येथील विजयाची वार्ता आली आणि रायबरेलीच्या पराभवाचीही आली. गुलाल उधळावा की न उधळावा ह्याचा निर्णय कोणासच करता येईना. शेवटी गाडीचे बैल सोडून घरी नेले. पोते माळ्यावर पडून राहिले, व पुढे पोळ्याच्या दिवशी त्याच गुलालाने बैल रंगविले. "आम्ही जिंकलो होतो, पण पेढा कोणी मागितला नाही," असे ते म्हणाले, एवढेच वाक्य मुलीने लिहिले आहे.

दुसरी वही एका दुकानदाराच्या घरची. त्या घरातील एक तरुण मुलगा आणीबाणीत पकडला गेला व कित्येक महिने नाशिकच्या तुरुंगात राहिला. त्याच्या आईने त्या काळात गोड पदार्थ करण्याचे सोडले होते. निकाल कळला त्या रात्री तिने शिरा केला, आणि गल्लीत वाटावयास निघाली. पाच घरांत तो घेतला गेला. सहाव्या घराचे दार आतून लागले ते उघडले नाही. "त्या घरात माणसे होती, दिवा होता," असे आता वृद्ध झालेल्या त्या मुलाने नातवास सांगितले. आणि पुढे हेही सांगितले की, तुरुंगातील पुष्कळ गोष्टी आपण विसरलो, पण आईच्या हातातील ते झाकलेले ताट विसरलो नाही.

ह्यानंतरच्या दोन वह्या एकत्रच सांगितल्या पाहिजेत. त्या वाचून दाखवाव्या की नाही ह्याविषयी आम्ही दोन दिवस विचार करीत होतो. शेवटी दोन्ही घरच्या पालकांस विचारले व त्यांच्या संमतीने वाचल्या.

पहिली एका भिल्ल कुटुंबातील आहे. मुलाचे पणजोबा गावात सालदार होते. त्यांची स्वतःची थोडी जमीन पूर्वीच कर्जापायी दुसऱ्याकडे गेली होती. महाराष्ट्र राज्याने सन १९७४ चा असा एक कायदा केला की, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासींकडून इतरांकडे गेलेल्या जमिनी त्यांस परत मिळाव्या. तो १ नोव्हेंबर १९७५ पासून, म्हणजे ऐन आणीबाणीत, अमलात आला. त्याच सुमारास वेठबिगारी बंद करणारा वटहुकूमही निघाला. ह्या कुटुंबास आपले शेत परत मिळाले. म्हणून दिल्लीचे सरकार पडले हे ऐकताच पणजोबांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? ते रात्रीच शेतावर गेले व बांधावर घोंगडी टाकून निजले. सकाळी कोणी येऊन शेत परत मागेल, अशी त्यांस भीती वाटत होती. आजोबा त्या वेळी बावीस वर्षांचे होते व त्यांनी पहिलेच मत दिले होते. तेही बापाबरोबर बांधावर निजले.

दुसरी वही, ज्यांस अशीच एक जमीन परत करावी लागली त्या घरची आहे. ह्या घरच्या आजोबांचे म्हणणे असे की, आमच्या वडिलांनी ती जमीन पैसे देऊन घेतली होती, तिच्यात विहीर खोदली होती, आणि कचेरीतील एका कागदाने ती गेली. निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी आनंद झाला. "तो लोकशाहीचा आनंद होता असे मी म्हणणार नाही," असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. "वर्तमानपत्रांत काय छापू देत नव्हते हे आम्हांस ठाऊक नव्हते. आमचे शेत गेले होते, आणि ज्यांच्या राज्यात ते गेले ते पडले, एवढाच तो आनंद."

ह्या ठिकाणी शिक्षक म्हणून आम्हांस दोन गोष्टी सांगणे प्राप्त होते. पहिली अशी की, जमीन परत करण्याचा कायदा हा राज्याच्या विधिमंडळाचा होता. दिल्लीतील सत्तांतराने तो रद्द होण्याचे काहीच कारण नव्हते, व तो झालाही नाही. तेव्हा एका घरची भीती व दुसऱ्या घरचा आनंद, दोन्ही चुकीच्या समजुतीवर उभी होती. पण भीती काही कायद्याची कलमे वाचून येत नाही. केंद्राचे काय व राज्याचे काय हे ज्यास कोणी कधी समजावून सांगितले नाही, त्यास सरकार म्हणजे एकच. ते पडले म्हणजे त्याने दिलेलेही पडले. मुलांनो, संघराज्याचे प्रकरण तुम्ही गुणांसाठी पाठ करता. ते ठाऊक असते तर एक म्हातारा मनुष्य त्या रात्री घरात निजला असता.

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या मताची आहे. ज्यांची जमीन कर्जाच्या फासाने गेली त्यांस ती परत मिळावी, हा कायदा आमच्या मते न्याय्य होता. परंतु तेवढ्यावरून दुसऱ्या घरचे दुःख खोटे ठरत नाही. तसेच तुरुंगात गेलेल्या मुलाच्या आईचा आनंद खरा होता, म्हणून बांधावर निजलेल्या बापाची भीती मूर्खपणाची ठरत नाही. ह्या चारही घरांस निकाल एकच मिळाला होता. प्रत्येकाने तो आपापल्या दारात उभे राहून वाचला.

एक वही आम्हांस विशेष वाटली, कारण ती आमच्याच व्यवसायातील मनुष्याची आहे. ह्या मुलाचे आजोबा त्या वेळी प्राथमिक शाळेत गुरुजी होते. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे आणून द्यावी असा तगादा त्या काळी अनेक ठिकाणी शिक्षकांमागे लागला होता. ह्या गुरुजींच्या मागेही तो लागला. ते पाड्यापाड्यांतून फिरले. ज्या मुलांस ते बाराखडी शिकवीत, त्यांचे बाप त्यांस पाहून घराबाहेर पडू लागले. निवडणुकीत त्यांनी कोणास मत दिले ते त्यांनी मित्रांस सांगितले नाही, सहकाऱ्यांस सांगितले नाही, बायकोसही सांगितले नाही. निकाल ऐकून आनंद झाला, पण दुसऱ्या दिवशी शाळेत ते गंभीर मुद्रेने गेले, कारण वरिष्ठांची मने कोणत्या बाजूस आहेत हे ठाऊक नव्हते. ह्या गोष्टीस सत्तेचाळीस वर्षे झाली, आणि ती त्यांनी प्रथम सांगितली ती ह्या नातवास. आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळले होते. तुम्ही दाढी करताना गात होता."

गुप्त मतदानाचे महत्त्व आम्ही दरवर्षी शिकवितो. ह्या वहीने ते अधिक समजले. मत गुप्त असते म्हणून मनुष्य निर्भयपणे ते देऊ शकतो. पण निकालाच्या दिवशी गावात जो हर्ष किंवा शोक दिसतो तो गुप्त नसतो, आणि म्हणून तो पुरता खराही नसतो. चौकात ज्यांचा आवाज मोठा असतो, पेटीत त्यांचीच मते अधिक असतात असे नाही. १९७७ साली मोठमोठ्या जाणत्यांचे अंदाज चुकले, ह्याचे एक कारण हेच की, एकोणीस महिने लोक खरे बोलत नव्हते व राज्यकर्ते तेच खरे मानीत होते.

आणखी एक हकीकत आमच्या मंडळीतील वृद्ध बाईंनी सांगितली. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी असा पौलाचा उपदेश असल्यामुळे दर रविवारी उपासनेत पंतप्रधानांचे नाव घेऊन प्रार्थना होत असे. २७ मार्चच्या रविवारी उपदेशकांच्या तोंडून सवयीने जुनेच नाव निघाले. ते थांबले. बाकांवर कोणी हसले, कोणी खाकरले. मग त्यांनी नवे नाव घेतले. पण जुने परत घेतले नाही, आणि दोघांसाठीही प्रार्थना केली. घरी परतताना मंडळीत दोन तट पडले : एक म्हणे उपदेशक चुकले, दुसरा म्हणे त्यांनी मुद्दाम केले. बाईंनी त्यांस पुढे एकदा विचारले, तर ते म्हणाले, "प्रथम चुकलो होतो, नंतर नाही."

ह्यावरून एक आठवले. प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाच्या जागी दुसरा प्रेषित नेमण्याची कथा आहे. दोघांची नावे पुढे आली, चिठ्ठ्या टाकल्या, व मत्थियाची निवड झाली. सर्व टीकाकार मत्थियाविषयी लिहितात. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्या योसेफ बर्सबाविषयी शास्त्रात पुढे एक अक्षरही नाही. तो त्या संध्याकाळी इतरांबरोबर जेवावयास बसला की उठून गेला, हे जाणण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे. असो.

सामान्य मनुष्याच्या घरी असे मतभेद झाले म्हणून कोणी नाक मुरडू नये, कारण थोरामोठ्यांचेही तसेच झाले होते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडास मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. पुढे त्यांस तुरुंगवासही घडला. त्याच संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्र सरकारातील मंत्री. इकडे पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी आणीबाणीसंबंधी 'अनुशासनपर्व' असा शब्द लिहिला. सरकारने तो आपल्या बाजूचा म्हणून गाजविला, आणि विनोबांचा अर्थ तसा नव्हता असे सांगणारेही पुष्कळ निघाले. ज्यांनी १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली तेच हे विनोबा. आणि ज्या जयप्रकाशांनी भूदानासाठी आपले आयुष्य वाहिले ते आणीबाणीच्या पहिल्याच रात्री पकडले गेले. एकाच गुरूचे दोन अनुयायी, तरी एक आश्रमात व एक अटकेत. मग एका गल्लीतील सहा दारांपैकी एक बंद राहिले तर नवल ते काय?

आता थोडे गणित. त्या वर्षी देशातील दर शंभर मतांपैकी सुमारे एकेचाळीस जनता पक्षास पडली आणि सुमारे चौतीस काँग्रेसला. जागा मात्र त्या प्रमाणात मिळाल्या नाहीत, कारण आपल्या पद्धतीत प्रत्येक मतदारसंघात ज्यास सर्वांत अधिक मते तो निवडून येतो व बाकीच्यांच्या मतांस जागा मिळत नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसला एकही जागा नाही असे वर सांगितले. पण तेथील मतांचा सुमारे चौथा हिस्सा तिलाच पडला होता. म्हणजे वर्गात चाळीस मुले असता दहा मुले ज्या बाजूस आहेत, त्या बाजूचा वर्गात एकही प्रतिनिधी नाही! दुसऱ्या टोकास आंध्रात जनता पक्षाच्या मतदारांची हीच अवस्था झाली. म्हणून अमुक प्रांताने अमुक पक्षास नाकारले, हे वाक्य तुम्ही वाचाल तेव्हा ते जागांचे वाक्य आहे, माणसांचे नव्हे, हे ध्यानी ठेवा. नाकारलेल्या प्रांतातही प्रत्येक चौथ्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली असेल.

काही विद्यार्थ्यांनी विचारले की, ज्याचा उमेदवार हरला त्याचे मत फुकटच गेले ना? प्रश्न रास्त आहे. ह्याचे उत्तर आम्ही आपल्या प्रकाशाकडे बोट दाखवूनच देतो. तापीच्या काठी आपल्या गावात १९५५ साली पुराणवस्तुसंशोधन खात्याने उत्खनन केले, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती उघडकीस आली. एवढ्या काळात ह्या घाटाने किती राज्ये पाहिली ह्याचा विचार करा. फारुकी सुलतान गेले, १६०१ मध्ये अशीरगड पडून मोगल आले, मराठे आले, १८१८ मध्ये इंग्रज आले. प्रत्येक वेळी खानदेशचा धनी बदलला, आणि एकाही वेळी येथील नावाड्यास, सालदारास किंवा पाणी भरणाऱ्या बाईस कोणी विचारले नाही. पहिल्यांदा सर्वांस विचारले गेले ते १९५१-५२ च्या निवडणुकीत. १९७७ साली तर असे झाले की, ज्यांच्या हाती सैन्य, पोलीस व तुरुंग होते त्यांनी लोकांस विचारले, लोकांनी नाही म्हटले, आणि ते उठून गेले. २१ मार्च रोजी आणीबाणी उठविली गेली, २२ रोजी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. हरणाऱ्यांची मते मोजली जात होती म्हणूनच ही मोजणी जिंकणाऱ्यांसही मान्य करावी लागली व हरणाऱ्यांसही. आणि ती मते पुढच्या खेपेस तेथेच होती. जनता पक्षाचे सरकार आपसांतील भांडणांमुळे १९७९ च्या जुलैत पडले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी हाताचा पंजा हे नवे चिन्ह घेऊन ३५३ जागांनिशी परत आल्या. ज्या उत्तर प्रदेशाने त्यांस शून्य दिले होते त्यानेच आता ५१ जागा दिल्या. शिरा वाटणाऱ्या घरी त्या दिवशी काय झाले असेल, आणि बांधावर निजणाऱ्या घरी काय, हे मुलांनी विचारून आणलेले नाही. आम्हीच विचारण्यास सांगावयास चुकलो.

मध्यंतरीच्या सरकारने केलेली एक गोष्ट मात्र मागे राहिली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, केवळ अंतर्गत अशांततेचे कारण सांगून आणीबाणी पुकारता येऊ नये, सशस्त्र बंडाचेच कारण असावे, असे ठरले. इंदिरा गांधी परत आल्या तरी ती दुरुस्ती कायम राहिली.

सर्वांत लहान वही एका आजीबाईंची होती. तिच्यात चारच ओळी आहेत. सरकार कोणते आले ते त्यांस आठवत नाही. मत देण्यास नदीच्या वाटेने चालत गेल्याचे आठवते, शिक्का मारण्यापूर्वी चित्रे पाहिल्याचे आठवते, आणि बोटाची शाई जाईपर्यंत धाकटी मुलगी रोज ते बोट धरून पाही, हे आठवते. निकालाच्या दिवशी घरी काय झाले? म्हैस व्याली. हीही एक प्रतिक्रियाच समजावी. आणि जे लोक निकालाच्या दिवशी सारा देश हसत किंवा रडत होता असे लिहितात, त्यांनी ही वही अवश्य वाचावी.

दप्तरांची भिंत किती दिवस राहिली, हे वाचकांस जाणून घ्यावयाचे असेल. दोन्ही जमिनींच्या वह्या वाचून झाल्यावर तास संपला, तेव्हा ते दोघे काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात गणिताच्या परीक्षेत एकाची कंपासपेटी घरी राहिली. ती मागण्यासाठी भिंत थोडी हलवावी लागली. त्यांच्या घरच्यांची मते आजही निरनिराळीच आहेत व ती तशी असण्यास त्यांस पूर्ण अधिकार आहे. पुढील लोकसभा निवडणुकीपर्यंत दोघेही मतदार होतील.

भरून आलेल्या वह्या शाळेच्या वाचनालयात ठेविल्या आहेत. ज्या घरांनी मागितले त्यांची नावे वरून झाकली आहेत. पालकांपैकी ज्यांस १९८० च्या जानेवारीतील निकालाचा दिवस आठवत असेल, त्यांनी तो आपल्या मुलांकरवी, आपल्याच बोलीत, लिहून पाठवावा. भाषा शुद्ध करण्याची आवश्यकता नाही.